खडपावतीचे दप्तरदार

प्रश्न कसलाही असो, उत्तर देण्यापूर्वी ते टाक दौतीच्या काठाला दोनदा टेकवत, जास्तीची शाई निथळू देत, खिडकीतून समुद्राकडे बघत आणि मग म्हणत, "आमच्याकडे अशी पद्धत नाही."

शिपायाने चहा गार आणला, की आमच्याकडे अशी पद्धत नाही. गलबतांची यादी तीन प्रतींत पाठवा असं वरून पत्र आलं, की आमच्याकडे अशी पद्धत नाही. आणि मग मुकाट्याने तीन प्रती. एकदा कचेरीखालच्या धक्क्यावर दोन खलाशांची जुंपली. एकाने दुसऱ्याची मानगूट धरून त्याला पाण्यात बुडवायला घेतलं. यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शांतपणे तेच वाक्य टाकलं. बुडवणाऱ्याचा हात सुटला. बुडणारा वर आला, तोंडातलं पाणी थुंकला आणि त्याने विचारलं, "तुमच्याकडे म्हणजे खंय?"

माणूस मरता मरता पत्ता विचारतो, इतकं वजन त्या 'आमच्याकडे'ला होतं. नवख्याला वाटे, गाव सांगताहेत. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे म्हणजे खडपावतीला.

खडपावती कुठे? तर आमच्या बंदराच्या नैर्ऋत्येला, मोठ्या ओहोटीच्या वेळी समुद्रात जो काळा खडप डोकं वर काढतो, त्याच्या पलीकडे. होडीने गेलात तर दिवसभर वल्हवूनही लागायची नाही. दप्तरदारांच्या टेबलाशी बसलात तर पाच मिनिटांत पोचाल.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. कागदावर नाव आलं की काय होतं, ते आमच्या बंदराने पाहिलंय. सगळे त्यांना दप्तरदार म्हणत. आपणही तेच म्हणू. तुमच्याही गावात, तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल; पण त्याच्याकडे आरमार नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

बंदर कचेरीत आम्ही तिघं. ते हेडकारकून, मी त्यांच्या हाताखाली, आणि एक शिपाई. आलेलं गलबत लिहायचं, गेलेलं गलबत लिहायचं, हे काम. पावसाळ्यात बंदर बंद. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ मिळेपर्यंत एक होडी हलायची नाही. पण कचेरी उघडी. त्या दिवसांत मी इतका झोपायचो, की एकदा माझ्या मिशीत कोळ्याने जाळं विणलं. दप्तरदार मात्र लिहायचे. खडपावतीच्या राज्याची बखर आणि तिथल्या कारभाराचे नियम. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. त्या ज्या कपाटात होत्या ते कपाट हलवायला चौघे लागले आणि जागेवर ठेवायला सहा. (इथे मी थोडं वाढवतोय. जीभ तशीच आहे माझी. पुढे तिच्याबद्दल बोलायचंच आहे.)

पहिला राजा म्हणे गलबतावरचा आचारी. गलबत खडपावर फुटलं, तांडेल गेला, सुकाणूवाला गेला. याने मात्र चुलीतला विस्तव डोक्यावर धरून वाचवला. ज्याच्याकडे विस्तव तो राजा. तेव्हापासून खडपावतीत राज्याभिषेक नाही. गादीवर बसणाऱ्याने साऱ्या रयतेला स्वतःच्या हाताने पेज करून वाढायची. मीठ बिघडलं की युवराज बाद. तीन युवराज असे मिठावर गेले.

चौथ्या राजाने भरतीवर स्वारी केली. फौज किनाऱ्यावर उभी राहिली, पाणी छातीला लागलं, कोणी मागे हटलं नाही आणि सहा तासांनी शत्रू माघारी गेला! राज्यात साखर वाटली. मग पुन्हा भरती आली. ती लढाई अकरा वर्षं चालली. "रोज दोनदा जिंकले, रोज दोनदा हरले," असं दप्तरदार वाचून दाखवत, आणि एवढ्या गंभीर चेहऱ्याने, की आमच्या शिपायाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पुढे एक राणी झाली. तिच्या दरबारात भांडण आलं की ती वादीला प्रतिवादीच्या घरी राहायला पाठवी आणि प्रतिवादीला वादीच्या. एक महिना. दहातले नऊ आठवड्याच्या आत परत येऊन हात जोडत, "बाईसाहेब, तक्रार नाही, आम्हाला फक्त आमच्या घरी जाऊ द्या."

पण मला आवडायचा तो नववा प्रधान. आठ प्रधान तुमच्या-आमच्यासारखेच, होय महाराज म्हणणारे. नवव्याचं काम एकच. राजा काही बोलला की म्हणायचं, "तसं नाही." राजाला आठांना काढता येई, नवव्याला नाही. त्याच्या अनुमतीवाचून राज्याच्या कुठल्याही कागदाला किंमत नाही. ही जागा दप्तरदारांनी आपल्या बायकोला दिली होती. वहिनी मसुऱ्याच्या. लिहितावाचता येत नव्हतं. ही नेमणूक त्यांच्या कानावर घातली तेव्हा त्या मासळी साफ करत होत्या. म्हणाल्या, "माका नवीन काय दिलास? ता काम मी लगीन झाल्यापासून करतंय."

दप्तरदार स्वतः राजा नव्हते, हे लक्षात घ्या. इतकं राज्य रचलं, पण गादीवर कधी बसले नाहीत. राजा कोण, विचारलं तर म्हणत, "ते दप्तरात नाही."

बाकी जागा त्यांनी बंदरावर वाटल्या. बाबल न्हाव्याला आरमाराचा सरखेल केलं. का, तर ज्याचा हात गळ्यावर वस्तरा ठेवून थरथरत नाही त्याच्या हाती आरमार सुरक्षित. तुळशीबाय मासळी विकायची; तिला परराज्यातली वकील केलं, कारण तिच्याशी बोलून कोणी जिंकून गेल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. अशा वीसेक जणांना सनदा होत्या. जाड कागदावर वळणदार अक्षर आणि खाली मोहोर. मोहोर त्यांनी सावंतवाडीच्या एका खेळणीवाल्याकडून लाकडात कोरून आणली होती. डोक्यावर मुकुट घातलेली सुरमई. बाबलने आपली सनद आरशाच्या वर खिळा मारून टांगली होती. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक ती वाचायचं, हसायचं, आणि बाबल म्हणायचा, "हसा नको. हालशात तर कान जायत."

मला भाट केलं होतं. सनदेत स्पष्ट लिहिलं होतं: भाटाने राज्याचे वर्णन मुळाच्या दुप्पट करावे, तिप्पट करू नये.

मी तिप्पटीवर थांबलो असतो तरी पुष्कळ झालं असतं.

तेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीज होते. सरहद्द बंद. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे काय काय जायचं ते समुद्राला ठाऊक आणि ज्यांना ठाऊक होतं ते बोलत नव्हते. नवा माणूस दिसला की बाजार त्याच्या चपलांपासून टोपीपर्यंत बघून घ्यायचा. अशा दिवसांत एका सकाळी मी धक्क्यावरच्या हॉटेलात बसलो होतो. खारेपाटणकडचा एक ट्रकवाला होता, दोन-तीन परके होते, आणि ऐकणारे असले की माझ्या जिभेला भरती येते. खडपावतीचं आरमार बखरीत चार गलबतांचं. मी तीनशे सांगितली. दिवे न लावता चालणारी. खडपाखाली लपलेली. "इशारत झाली की सगळी एकदम वर! नकाशे? नकाशे आमच्या कचेरीच्या कपाटात. दप्तरदारांकडे किल्ली."

सगळे हसले. ट्रकवाल्याला ठसका लागला. एक माणूस तेवढा हसला नाही. साखर केव्हाच विरघळली होती तरी तो चमचा ढवळत राहिला.

चौथ्या दिवशी ऐन अकरा वाजता जीप आली. फौजदार घाटावरचा, बदली होऊन आलेला. रागीट नव्हता; दमलेला होता. वरून कोणीतरी त्याच्या मागे लागलं असावं. त्याने कपाट उघडायला लावलं. अकरा वह्या, सनदांची नोंदवही, भरती-ओहोटीची कोष्टकं, खडपांचे नकाशे. आणि मोहोर.

मोहोर त्याने उजेडात धरली. "हा मुकुट कुणाचा?"

"सुरमईचा," दप्तरदार म्हणाले.

"पोर्तुगालच्या राजाचा?"

"पोर्तुगालला आता राजा नाही. आमच्याकडे तशी..." ते थांबले. त्यांचं ते वाक्य अर्धं राहिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांना चौकीवर नेलं. चौकी म्हणजे बाजाराच्या टोकाला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक, आतल्या खोलीत टेबल, मध्ये एक दार, जे कधी नीट लागत नसे. दुपारी नोंदवहीतल्या नावांना बोलावणं आलं.

बाबल आत गेला तो पांढरा होऊनच. मी दारातून ऐकत होतो.

"तू आरमाराचा सरखेल?"

"मी न्हावी आसंय, सायबा."

"सनदेवर नाव कुणाचं?"

"बाबल माझा नाव आसा. पण बाजारात जावन बाबल म्हणान हाक मारा, धा जण वळान बघतले."

"तुझ्या ताब्यात गलबतं किती?"

"गलबत? माका होडयेत पाय ठेवल्यार उलटी येता, सायबा!"

तुळशीबायला बोलावलं तर ती पाटी डोक्यावर घेऊनच आली.

"होय, मी वकील आसंय. काय म्हणणा आसा तुझा?"

"कुठल्या राज्याशी बोलणी केलीस?"

"देवगडच्या बायलांशी. बांगड्याचो भाव ठरवूक."

"बाई, ही चेष्टा नाही."

"मगे माका कित्याक बोलवलंस? माझे मासे उन्हात कुसतले तर ते काय तुझा सरकार खातला?"

बाहेर बाकावर कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तुळशीबायने हात कमरेवर ठेवला होता, पण नजर टेबलावरच्या शिक्क्यावर होती, हे मी पाहिलं. तिचा नवरा बोटीवर होता. बोटीच्या परवान्यावर पोलिसांचा शिक्का लागे.

मग माझी पाळी.

"तुम्ही भाट?"

आता ऐका. उभ्या बंदरात माझ्याएवढं बोलणारा कोणी नव्हता. मी एका दमात लाट थोपवली असती, असं मी स्वतःच कितीदा सांगितलंय. दप्तरदार बाहेरच्या बाकावर बसले होते. दार अर्धं उघडं होतं. आणि मी म्हणालो, "साहेब, वय झालंय त्यांचं. डोक्याने जरा हलले आहेत. आम्ही आपलं मन राखतो."

फौजदाराने लिहून घेतलं. मी दाराकडे बघितलं. दप्तरदारांनी टोपी काढली, आतून पुसली आणि पुन्हा घातली. माझ्याकडे बघितलं नाही.

हॉटेलातली तीनशे गलबतं माझी, हे मी बोललोच नाही. तिथेच गाडं अडलं होतं. फौजदाराकडे खबर होती तीनशेची आणि वहीत होती चार. वहीत एकही नसती तर तो हसून निघून गेला असता. चार होती म्हणूनच त्याला खात्री वाटली, की खरं काहीतरी लपवलंय.

"उरलेली दोनशे शहाण्णव कुठे आहेत?" त्याने दप्तरदारांना विचारलं.

दप्तरदार हिशेबाचे पक्के. चारची तीनशे कुणी केली असतील, हे त्यांना एका क्षणात कळलं असणार. मी भिंतीला टेकून उभा होतो.

"ती मला ठाऊक नाहीत," ते म्हणाले.

फौजदार वाईट नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "दोन ओळी लिहा. हे सर्व खोटे आहे, असे राज्य कधीही नव्हते, मी मनाने रचले. सही करा. तुम्ही घरी, मी घरी."

"खोटे असं लिहिता येणार नाही."

"म्हणजे खरं आहे?"

"तसंही मी म्हणत नाही."

"अहो, दोन्हींपैकी एक असतंच ना काहीतरी!"

दप्तरदारांची चौकीतली आणि कचेरीतली भाषा नेहमी छापील असे. या वेळी ती सुटली. टेबलाची कड धरून म्हणाले, "सायबा, बाकी काय्य लिवन घी. पण माका तेका खोटा म्हणूक जमाचा नाय."

फौजदाराने कपाळ चोळलं. मग त्याने मला बाजूला घेतलं. सायंकाळच्या आत उलगडा झाला नाही तर कागद वर जातील आणि नोंदवहीतल्या वीसही जणांना जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागेल. चौकशी महिनाभर चालेल, दोन महिनेही. "समजवा त्यांना. तुमचं ऐकतील."

माझं! मी त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसलो. म्हटलं, "लिहा हो दोन अक्षरं. कागदच तर आहे. बाबलची पोरं लहान आहेत."

टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "बंदर कचेरीच्या आधी मी एका संस्थानच्या दप्तरात होतो. सव्वीस वर्षं. एके दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा राज्य होतं. सोलकढी प्यालो, परत आलो, तर नव्हतं. विलीन झालं. दप्तर गाड्यांत घालून नेलं. वाईट वाटलं, पण त्याला खोटं कोणी म्हणालं नाही. होतं आणि संपलं, इतकंच म्हणाले. त्यात चाकरी केलेल्याची अब्रू राहते."

आणि बोलता बोलताच त्यांनी मान वर केली. असा चेहरा मी हिशेब जुळलेल्या माणसाचा पाहिलाय.

त्यांनी कागद मागितला, टाक मागितला. दोनदा टेकवून शाई निथळली. लिहायला अर्धा तास लागला. मला तो मजकूर पाठ आहे, आणि यात एक अक्षर वाढवलेलं नाही:

'खडपावतीचे राज्य, त्याचा मुलूख, चार गलबतांचे आरमार, न्याय, रीतरिवाज व संपूर्ण दप्तर आज रोजी हिंदुस्थान सरकारच्या स्वाधीन करण्यात येत आहे. सदरहू राज्याच्या सर्व चाकरांस आजपासून चाकरीतून व चाकरीमुळे येणाऱ्या प्रत्येक जबाबदारीतून मुक्त करण्यात आले आहे. त्यांजकडे कोणी काही विचारू नये.'

फौजदाराने तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याचे खांदे खाली आले. यात त्याला हवं ते होतं. राज्य आता नाही, माणसं मोकळी, आणि वर पाठवायला सहीचा कागद. "करा सही," तो म्हणाला.

"अजून एकाची अनुमती लागते."

"कुणाची?"

वहिनी दुपारचा डबा घेऊन पायरीवर उभ्याच होत्या. दप्तरदार उठून उभे राहिले. दोन दिवसांची दाढी, सदऱ्याची कॉलर काळी. घरच्या बाईशी कोणी बोलणार नाही अशा आवाजात त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला आणि विचारलं, "नवव्या प्रधानांचं म्हणणं काय?"

बाबल, तुळशीबाय, बाकावरचे सगळे बघत होते. फौजदारही. आम्हाला ठाऊक होतं त्यांनी काय म्हणायचं असतं. तीस वर्षं त्या तेच म्हणत आल्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, आणि हा माणूस सही न करता पुन्हा बाकावर बसेल, आणि ते बरोबर असेल.

वहिनींनी डबा खाली ठेवला. नवऱ्याकडे नीट बघितलं, पायांपासून वर. "दोन दिस पेज तशीच पडान आसा," त्या म्हणाल्या. "घराक चला."

दप्तरदारांनी सही केली. फौजदाराने स्वतः मोहोर पुढे केली. ती उमटवून त्यांनी बाहीला पुसली आणि टेबलावर ठेवली. मग वह्या मागितल्या. फौजदाराला वाटलं, घरी न्यायच्यात. "छे," ते म्हणाले, "विलीनीकरणात दप्तर सरकारजमा होतं. नीट बांधून देतो." मला त्यांनी बाहेरच्या माणसांना घरी पाठवायला सांगितलं. मी परत आलो तोवर गाठोडं जीपमध्ये गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत वेळेवर आले. बाबलने आरशावरची सनद काढली. भिंतीवर तेवढा चौकोन पांढरा राहिला. शिपायाने चहा आणला, मुद्दाम गार. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. दप्तरदारांनी तो पिऊन टाकला.

पुढची चार वर्षं मी काय केलं नाही? नवे राजे रचले. उलटा चालणारा राजा काढला, समुद्राला पत्र लिहिणारा राजा काढला, त्याला समुद्राने दिलेलं उत्तरही काढलं. चूक होईल, मग ते न राहवून सांगतील, 'अहो, असा राजा नव्हताच,' या आशेवर. ते यादीवरून मान न उचलता म्हणत, "असेल." एकदा धीर करून मी म्हटलं, "त्या दिवशी मी चौकीत जे बोललो..." तर म्हणाले, "तुम्ही मुक्त आहात. कागदात लिहिलंय ना." आणि खरंच, त्यांच्या मनात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून तरी मी पुन्हा वर चढलो असतो.

ते निवृत्त झाले आणि वहिनींच्या गावी मसुऱ्याला जाऊन राहिले. गोवा मोकळा झाला. त्याच्या दुसऱ्या वर्षी कचेरीच्या कामाने मला जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. म्हटलं, आता त्या वह्यांची कुणाला भीती? मागून बघू. पोलिसांकडे नव्हत्या. तिथून एकाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे, असा हिंडत मी एका जुन्या दप्तरखान्यात पोचलो. तिथल्या वयस्कर कारकुनाने नाव विचारलं.

"खडपावती," मी ओशाळून म्हणालो.

तो हसला नाही. यादी काढली, बोट खाली खाली नेलं आणि उठला. मला मागोमाग यायला सांगितलं. उंच फळ्या, छताला टेकलेल्या. त्यावर पाट्या: विलीन संस्थानं. आमच्या मुलखातल्या, घाटावरच्या छोट्यामोठ्या राज्यांची गाठोडी ओळीने. आणि त्यांच्यात, दोन खऱ्याखुऱ्या संस्थानांच्या मधोमध, चिठ्ठी लावलेलं एक गाठोडं. 'खडपावती. दप्तर, अकरा वह्या. विलीनीकरणाचा दस्त सहीनिशी.'

कुठल्या तरी कारकुनाने दस्त वाचला होता, दस्त रीतसर होता, आणि त्याने तो रीतसर जागी ठेवला होता. मी गाठोडं मागितलं. म्हातारा म्हणाला, "नाही मिळणार. संस्थानचं दप्तर खासगी माणसाला देत नाहीत."

मी हसत सुटलो. रडतही होतो, पण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मिळेल त्या गाडीने निघालो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मसुऱ्याला पोचलो. दप्तरदार अंगणात आमसुलं वाळत घालत होते. खूप वाळले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फळी, चिठ्ठी, दोन्ही बाजूंची संस्थानं, म्हाताऱ्याचं उत्तर. सरकार म्हणतंय की राज्य होतं! हो, सरकार म्हणतंय!

त्यांनी हातातलं आमसूल खाली ठेवलं. बोटं धोतराला पुसली. चौकीतल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी हललं, आणि त्यांनी हळूच विचारलं, "गाठोडं... कुठल्या फडक्यात बांधलेलं होतं?"

मी फडकं पाहिलं नव्हतं. चिठ्ठी वाचत होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, की लक्षात नाही. दोन शब्द. कुणीही बोलू शकेल असे.

"लाल!" मी म्हणालो. "लाल रेशमी! जरीकाठाचं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि हळूहळू हसले. बाजारात खेळ करणाऱ्याकडे बघून हसावं तसे.

"माझं जुनं धोतर होतं," ते म्हणाले. "पण छान रचलंत. चहा घेऊन जा." कळशी उचलली आणि विहिरीकडे निघाले.

मी मागून ओरडत राहिलो. "खरा आसा हो! शपथ घेतंय! मी स्वता बघितलंय!" पोफळींमधून ते उतरत होते. थांबले नाहीत. फक्त रिकामा हात जरासा वर केला, ऐकलं म्हणून, आणि विहिरीच्या वळणावर दिसेनासे झाले. पुन्हा भेट झाली नाही. भाद्रपदात ते गेल्याचं पत्र आलं.